सिस्टर जेवायला येणार

"शनिवारी तुझ्याकडे येते, आणि येते ती जेवायलाच," सिस्टर रेस्तितूता फोनवर म्हणाल्या. मी "हो, या ना, या" असं काहीतरी पुटपुटले, फोन ठेवला आणि पुन्हा भाजी चिरायला बसले, तर हातात सुरी उलटी धरलेली. वाक्यात तसं काय होतं? कंपालातल्या या रूबागाच्या उतारावर शनिवारी घरोघर कोणी ना कोणी जेवायला येतंच. शिवाय सिस्टर माझ्या ओळखीच्या म्हणजे किती, तर त्यांनी मला कॉलेजात शिकवलं, पुढे त्याच कॉलेजात मी त्यांच्या शेजारच्या वर्गात शिकवलं, आणि आता मी निवृत्त होऊन शहरात आले तरी त्यांचा खोकला मी फोनवर ओळखते. डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवायला त्या शहरात येणार होत्या. कॉलेजच्या टेकडीवरचं त्यांचं कॉन्व्हेंट सोमवारी बंद व्हायचं होतं; उरलेल्या तिघी सिस्टर्स त्यांच्या संघाच्या मुख्य घरी, मदर-हाउसला, जाणार, म्हणून जाण्याआधी भेट. सगळं सरळ होतं. तरी मला आतून कोणीतरी ढकलल्यासारखं झालं, कारण गॅलरीत आई बसली होती. शेंगा सोलत होती. तिला आता डोळ्यांपेक्षा बोटांनीच जास्त दिसतं. कानांनी तर तिला भिंतीपलीकडचंही दिसतं. "कोण येतंय?" तिनं विचारलं. मी सांगितलं. शेंगा फुटायचा आवाज थांबला. मग ती एवढंच म्हणाली, "कोंबडी करायची नाही."

कॉलेजात आम्हा मुलींत एक कोडं होतं: सिस्टर्स जेवतात का? कॉलेज मसाका शहराच्या पलीकडे, टेकडीवर. आम्ही शिक्षिका व्हायला आलेल्या खेड्यापाड्यांतल्या मुली, आणि टेकडी मात्र सिस्टरांची. घंटा त्यांची, विहीर त्यांची, कोबीचे वाफे त्यांचे, आमची झोपायची वेळसुद्धा त्यांचीच. प्रत्येक व्हरांड्याच्या टोकाला एका सिस्टरची खोली असे आणि आम्ही कुजबुजलो की त्या खोलीतून जपमाळेचा आवाज येई, बस, एवढंच, आणि आम्ही गप्प. त्या आम्हाला गणित शिकवायच्या, शिवण शिकवायच्या, ताप आला की उशाशी बसायच्या, झगा कमरेला खोचून आमच्याबरोबर मका खुरपायच्या, पण जेवणाची घंटा झाली की एका निळ्या दारामागे जायच्या आणि दार लागायचं. आतून बोलणं नाही, भांड्याचा आवाज नाही, फक्त कोणीतरी काहीतरी वाचत असल्याची गुणगुण. खिडकीतून ताटं बाहेर यायची ती इतकी स्वच्छ, की धुवायची पाळी असलेल्या मुलीला वाटावं आपली थट्टा चाललीय. "त्यांचं प्रार्थनेनंच पोट भरतं," माझ्या शेजारच्या खाटेवरची मुलगी म्हणायची. "मग एवढा कोबी कोण खातं, तुझा बाप?" दुसरी विचारायची. त्या दाराचा राग कुणालाच नव्हता. उलट मला ते फार आवडायचं. संध्याकाळी कुंपणापलीकडे सिस्टरांची गप्पांची वेळ व्हायची आणि अचानक त्या सगळ्या मिळून हसायच्या. दिवसभर आम्हाला दटावणाऱ्या त्या बायका तिकडे कशाला हसतात कोण जाणे, पण ते हसणं ऐकायला आम्ही हातातली कामं सोडून उभ्या राहायचो. त्यात सिस्टर रेस्तितूतांचं हसणं वेगळं कळायचं. शिंक आल्यासारखं सुरू व्हायचं आणि मग आवरायचंच नाही. त्या आमच्यातल्याच, गांडा जमातीच्या घरातल्या, वयानं आमच्या थोरल्या बहिणीएवढ्या. कसाव्याच्या कंदाच्या खळीनं कडक झालेला त्यांच्या पांढऱ्या शिरोवस्त्राचा काठ गालाला टोचून लाल वळ उठायचा. मला तो वळ हवा होता. आता हसू येतं, पण एकोणिसाव्या वर्षी मला खरोखरच दुसरं काही नको होतं: त्या कुंपणापलीकडे जायचं, त्या हसण्यात बसायचं आणि त्या कशाला हसतात ते समजून घ्यायचं.

मी तसं बोलून दाखवलं आणि सुट्टीत सिस्टर रेस्तितूता आमचं घर बघायला आल्या. सिस्टर कधी एकट्या कुठं जात नसत. सोबत एक म्हाताऱ्या डच सिस्टर होत्या, गुडघे दुखत असल्यामुळे सगळ्या जगावर वैतागलेल्या. मुलगी मागणारे बघायला येतात तसं आईनं घर सारवलं, नवी चटई काढली, दोन खुर्च्या उसन्या आणल्या. आणि कोंबडी केली. कोंबडी म्हणजे काय हे आमच्याकडे वेगळं सांगावं लागत नाही. बाईनं ती पाळायची, बाईनंच शिजवायची आणि खायची फक्त पुरुषांनी. कोंबडी खाल्लेल्या बाईचं नाव गावात घेत नसत. मी आईला म्हटलं, "अगं, सिस्टर बाई आहे." आई म्हणाली, "ती तुझ्या-माझ्यासारखी बाई नव्हे. नवरा नाही, मूल नाही, केससुद्धा दिसत नाहीत. ती फादरच्या रांगेतली. फादरना जे, ते तिला." पहाटेपासून तिनं केळीची कोवळी पानं धुरावर शेकून मऊ केली, अख्खी कोंबडी शेंगदाण्याच्या कुटात घालून पानात बांधली आणि मटोक्याच्या, म्हणजे शिजत्या कच्च्या केळ्यांच्या, पातेल्यावर वाफेला ठेवली. आणि मग गुडघे टेकून ती पुडी सिस्टर रेस्तितूतांपुढे ठेवली. दारात शेजारणी उभ्या होत्या, काका होते. पुडी पाहुण्यानं स्वतः सोडायची असते. वाफ वर येते, वास घरभर जातो आणि मग सगळे बोलू लागतात. सिस्टरांनी पुडीकडे पाहिलं. मग त्या डच सिस्टरांकडे पाहिलं. डच सिस्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "फार उपकार झाले, आई," सिस्टर रेस्तितूता म्हणाल्या, "पण आम्हाला निघायला हवं," आणि उठल्या. आई गुडघ्यांवरच राहिली. पुडी तशीच बांधलेली. आमच्याकडे भांडण झालेला माणूससुद्धा एक घास तोंडात घालून मग भांडतो. पाहुणी न जेवता गेली हे लोक पाऊस-पिकाइतकं लक्षात ठेवतात. ती कोंबडी शेवटी काकांनी खाल्ली, आणि खाताना ते गालातल्या गालात हसत होते.

मी आईला सांगितलं, त्यांचा नियम आहे गं, बाहेरच्यांसमोर खायचं नाही, आम्हीसुद्धा त्यांना कधी जेवताना पाहिलेलं नाही. आई चुलीकडे तोंड करून म्हणाली, "फादर याच घरात ईस्टरला जेवले होते. अख्खी कोंबडी खाल्ली, मानेचा तुकडासुद्धा ठेवला नाही. तेव्हा कुठं होता नियम?" मी तिची समजूत काढायला खोटं बोलतेय असं तिनं धरलं, आणि त्यानंतर तो विषय तिनं जो झाकला तो कायमचा. वर्षअखेरीस मी कॉन्व्हेंटात जायची परवानगी मागितली. वडील नव्हते, तेव्हा शब्द तिचाच होता. "नाही," ती म्हणाली. "का?" "नाही म्हणजे नाही." मी रडले, उपास केले, चॅपेलात तिच्या नावानं नवस केले. ती दगड होती. मला कारण स्पष्ट दिसत होतं: जिथल्या बाईनं आपलं अन्न नाकारलं, त्या घराला ती आपली मुलगी देणार नव्हती. अपमान झाला होता आणि आई अपमान विसरणारी नाही. मग मी काय केलं? मी त्याच टेकडीवर नोकरी धरली. लग्न केलं नाही. कॉन्व्हेंटच्या कुंपणाला लागून शिक्षिकांच्या खोल्या होत्या, त्यातली शेवटची मागून घेतली, आणि माझा सगळा जन्म त्यांची संध्याकाळची प्रार्थना खिडकीतून ऐकण्यात गेला. सगळी स्तोत्रं मला पाठ आहेत. फक्त ती कुंपणाच्या या बाजूनं पाठ आहेत.

सुखाचे दिवस होते ते, असं म्हणायला माझी जीभ कचरत नाही. पुढे रोममध्ये काही ठरलं म्हणे आणि एका सकाळी ते निळं दार उघडलं. सिस्टर्स येऊन आमच्या शिक्षिकांच्या टेबलाला बसल्या, आणि सिस्टर रेस्तितूतांनी माझ्यासमोर एक रताळं सोलून खाल्लं. मी लाजून दुसरीकडे पाहिलं. कुणाची तरी न्हाणी चुकून उघडावी तसं झालं मला. सुट्टीत घरी जाऊन मी आईला हे मुद्दाम सांगितलं. "आता खातात ना?" ती म्हणाली. "मग तेव्हा काय झालं होतं?" तिच्या बाजूनं तो पुरावाच झाला. लढाईच्या वर्षी मसाका जळत होतं तेव्हा सिस्टरांनी सगळ्या मुलींना निळ्या दारामागच्या त्या जेवणघरात कोंबलं, दाराला आतून कपाट लावलं, आणि बाहेर सिस्टर रेस्तितूता खुर्ची टाकून वह्या तपासत बसल्या. शिपाई आले, त्यांनी विचारलं, आत काय आहे? "आमचं जेवणघर," त्या म्हणाल्या, "तिथं आजवर फादरसुद्धा गेलेले नाहीत." शिपाई कोबी उपटून घेऊन गेले. मी आत होते, मुलींच्या घामाच्या वासात उभी, आणि मला भीतीबरोबर एक चोरटा आनंदही होत होता, की शेवटी आपण दाराच्या आत आलो. मग सिस्टर रेस्तितूतांच्या बदल्या झाल्या, टोरोरोला, टांझानियाला. त्या परत आल्या तेव्हा केस पांढरे झालेले दिसले, कारण आता केस दिसत होते. एकेक म्हातारी सिस्टर टेकडीच्या मागे कबरस्तानात गेली, आणि जागा भरायला नव्या मुली येईनात. येतील कशा? मुलींना आता बँकेत नोकऱ्या आहेत. व्हरांड्याच्या टोकाला सिस्टरच्या खोलीत वॉर्डन आली, तिचा टीव्ही. प्राचार्य म्हणून एक हुशार, सूटबूटवाले गृहस्थ आले, चांगले आहेत, कॉलेज नीट चालवतात. संध्याकाळी कुंपणापलीकडे आता तिघीच असत. तिघींचं हसणं कुंपण ओलांडून येत नाही. मी निवृत्त होऊन निघाले त्या दिवशी मी बराच वेळ खिडकीशी उभी होते आणि मला काहीच ऐकू आलं नाही.

शुक्रवारी बाजारात जायच्या आधी मी आईशी पुन्हा वाद घातला. "आता सगळ्या बायका कोंबडी खातात, आई. मी खाते. खालच्या मजल्यावरची प्रोटेस्टंट पाद्र्याची बायको खाते." "तू काहीही खातेस," आई म्हणाली. "त्यांच्यासाठी अळंबी आण. शेंगदाण्यात घालून पानात बांधू." "पण का?" "का म्हणून काय विचारतेस, म्हातारी झालीस तरी का-का करतेस." मला वाटलं, घ्या, एवढी वर्षं झाली तरी हिचा राग कोंबडीएवढासुद्धा कमी झालेला नाही; तेव्हा नाकारलीत ना, मग आता मिळणार नाही, असा हिशेब. संतापून मी अळंबी आणली. पण शनिवारी सकाळी पाहते तर आई माझ्याआधी उठून अंघोळ करून बसलेली, सणाचा पायघोळ गोमेसी नेसलेली, खांद्यावरची टोकं ताठ उभी, आणि कोळशाच्या शेगडीवर स्वतःच्या हातानं पानं शेकत होती. बोटं भाजत होती, तरी मला हात लावू देत नव्हती. एक पान जरा फाटलं तर तिनं ते बाजूला टाकलं. रागावलेल्या बाईचं हे काम नव्हतं. ती घाबरलेली होती. माझी आई कुणाला घाबरते हे मला माहीत नव्हतं.

सिस्टर आल्या त्या काठी टेकत, धापा टाकत. "तुझ्या जिन्यानं अर्धी पापं इथंच फिटली बघ," त्या मला म्हणाल्या. आईनं गुडघे टेकायला सुरुवात केली तशी त्यांनी तिला दंडाला धरलं. "नको, आई. तुम्ही खाली बसाल आणि मग दोघींना उठवायला माणूस आणावं लागेल." त्या खुर्चीवर बसल्या नाहीत, चटईवर बसल्या, आईच्या शेजारी. मी मटोके वाढलं, पुड्या ठेवल्या. आई श्वास धरून बसली होती. पानाची गाठ सुटल्याचा आवाज आला, वाफेचा वास आला, आणि आईनं डोळे मिटले. "अळंबी!" सिस्टर म्हणाल्या. एक घास घेतला, दुसरा घेतला. "झकास झालीय. पण खरं सांगू का, आई? मी आपली कोंबडीच्या आशेनं आले होते."

आईचा हात थांबला. "थट्टा करू नका, सिस्टर," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "एकदा चूक झाली माझी. बाईपुढे कोंबडी ठेवली. दीर गावभर सांगत फिरले, आमच्या अनास्ताझिया वहिनीला बाई कोण नि बाप्या कोण कळत नाही. देवाघरच्या बाईला तू बाई नाहीस असं ही तिच्या तोंडावर म्हणाली, ते पण चार माणसांत. तुम्ही पान उघडलं नाहीत आणि गेलात, बरोबरच केलंत."

सिस्टर माझ्याकडे बघू लागल्या. मी त्यांच्याकडे. "आई," त्या म्हणाल्या, "पान उघडायची परवानगीच नव्हती. बाहेर कुणाच्या घरी खायचं नाही. चहा नाही, पाणीसुद्धा नाही. नियम होता."

"फादरना नव्हता."

"फादरना नव्हता," सिस्टर म्हणाल्या. "फादरना कसलाच नव्हता." मग त्या म्हणाल्या, "मी सकाळपासून उपाशी होते. तुमच्या कोंबडीचा वास झग्याला धरून बसला, तो पार टेकडीपर्यंत. आमच्यात शुक्रवारी सगळ्यांपुढे गुडघ्यांवर बसून आपापले दोष सांगायचे असत. मी सांगितलं, एका घरी मला कोंबडीचा लोभ झाला. आमच्या मुख्य सिस्टर, मदर, त्यांनी विचारलं, किती वेळ? मी म्हटलं, अजून आहे." आणि त्या हसल्या, तेच, शिंक आल्यासारखं. "मग शिक्षा म्हणून बरेच दिवस मला जमिनीवर बसून जेवावं लागलं. राग कसला, आई. भूक होती नुसती."

आई हसली नाही. "मला वाटलं तुम्ही मनात ठेवलंय," ती म्हणाली. "मुलगी दिली असती, तर माझ्या चुकीचं उट्टं तुम्ही तिच्यावर काढलं असतं. सासू काढते तसं, जन्मभर, टोमणे मारून मारून. म्हणून नाही दिली." मग ती माझ्या दिशेनं वळली. "म्हणजे तुला देता आलं असतं."

मला राग आला. सांगायलाच हवं, मला इतका राग आला की ताट उचलून गॅलरीतून खाली फेकावं. आणि तो कुणाचा हेच कळेना. आईचा? तिनं मला वाचवलं होतं, नसलेल्या संकटातून का होईना. सिस्टरांचा? त्या उपाशी होत्या. शेवटी मला त्या मेलेल्या फादरचा राग आला, ज्यांनी मान चोखून खाल्ली आणि हात धुऊन आशीर्वाद देऊन गेले. कशात काही नसताना माझा जन्म कुंपणाला टेकून गेला होता. तेवढ्यात आईनं चाचपडत माझं मनगट धरलं. तिची बोटं शेंगदाण्याच्या कुटानं चिकट होती. तिनं माझा हात ओढला आणि सिस्टर रेस्तितूतांच्या हातात दिला, नवी मुलगी कॉन्व्हेंटात जाते तेव्हा चॅपेलात तिची आई देते तसा. "घ्या," ती म्हणाली. "माझी ना नाही."

माझं वय आता साठीच्या पुढे आहे. कुणीतरी हसायला हवं होतं. सिस्टरांनी माझा हात सोडला नाही, पाठ ताठ केली, आणि मदर ज्या आवाजात विचारत त्या आवाजात मला विचारलं, "काय मागतेस, मुली?" त्याचं उत्तर ठरलेलं असतं. मी ते एकोणिसाव्या वर्षी, कपडे वाळत घालताना, दोरीपुढे उभी राहून पाठ केलं होतं आणि कुणाला म्हणून दाखवायची वेळ आली नव्हती. "देवाची दया," मी म्हणाले, "आणि तुमच्या घरात जागा." मला रडू आलं. मी ते आवरलं नाही.

"दिली," सिस्टर म्हणाल्या. मग माझा हात त्यांनी आपल्या मांडीवर ठेवला. "दिली गं. पण सोमवारी किल्ल्या द्यायच्यात आम्हाला. घरच नाही उरलं."

"घर नाही म्हणजे?" आई एकदम तिच्या नेहमीच्या आवाजात म्हणाली. "मग हे काय, खुराडं आहे?" आणि चाचपडत तिनं पातेल्यातलं मटोके घेऊन सिस्टरांच्या पुढ्यात आणखी वाढलं. सिस्टर नको म्हणाल्या नाहीत.